समुद्रविज्ञानात संशोधन करायचे आहे. विषय आवडीने निवडावा की उपलब्ध जागा पाहून?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आहे. लघुप्रबंधासाठी मी भाट्याच्या खाडीतील तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) वाढीवर काम केले. उधाणाच्या ओहोटीला चिखलात उतरून, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या सोबतीने नमुने गोळा करायचे, शिंपल्याची लांबी मोजायची, मांसाचे ओले व सुके वजन घ्यायचे, असे ते काम होते. ते करता करता पुढे समुद्राचाच अभ्यास करायचा हे मनाशी पक्के झाले. माझी खरी ओढ मात्र सागरी कासवांकडे आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे निघालेली मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि पीएच.डी. करायची तर कासवांवरच, असे आजवर गृहीत धरले होते.

आता जाहिराती पाहू लागल्यावर निराळेच चित्र दिसते. कनिष्ठ संशोधकांच्या बहुतेक जागा सागरी रसायनशास्त्र, संगणकीय प्रारूपे, सूक्ष्मजीवांची जनुकीय तपासणी किंवा मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन यांसाठी असतात. कासवे, डॉल्फिन, प्रवाळ यांच्यासाठीच्या जागा फारच थोड्या आणि बहुधा अल्प मुदतीच्या. घरच्यांचा विरोध नाही, पण दोन वर्षांत शिष्यवृत्ती किंवा नोकरी यांपैकी काहीतरी हाती लागावे ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. बारावीनंतर माझा गणिताशी संबंध उरलेला नाही, हीही एक अडचण आहे.

माझे विचारणे एवढेच, की या क्षेत्रात नुकतीच सुरुवात केलेल्या किंवा काही वर्षे पुढे गेलेल्या मंडळींनी आपापला विषय कसा ठरवला? ज्याची आवड नाही अशा विषयात शिरले तर पुढे त्यात मन रमते का? आणि कोकणात राहून केलेल्या खाडीच्या कामाचा पुढे काही उपयोग होतो, की तिथून सगळे नव्याने सुरू करावे लागते?

मांडवीपार (गोवा)

नमस्कार. मी सागरी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत आहे. मीही मूळचा जीवशास्त्राचा विद्यार्थी. या विषयाकडे वळलो तो प्रकल्पात जागा होती म्हणून. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अनुभवावरून देता येईल. मन रमते, पण विषयाच्या नावात नव्हे, त्यातल्या एखाद्या प्रश्नात. मी ज्या प्रश्नात गुंतलो तो जरा सविस्तर सांगतो, कारण तो आपल्याच किनाऱ्याचा आहे आणि आपल्याकडच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो.

अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या दरम्यान पाण्याचा एक जाड थर असा आहे, की त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नाही. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी हा एक. तो बारमाही असतो आणि उघड्या समुद्रात, किनाऱ्यापासून दूर असतो. पण नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर सरकू लागते आणि हे ऑक्सिजन कमी असलेले पाणी उथळ भागात, अगदी किनाऱ्याजवळपर्यंत येते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वर पातळ थर धरून बसते. ते हलके असल्याने खालच्या पाण्यात मिसळत नाही आणि हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचू शकत नाही. वरच्या थरात वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) भरपूर वाढतात, मरून खाली पडतात आणि त्यांच्या कुजण्यात उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तळाची स्थिती सर्वांत बिकट असते. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेट वापरू लागतात, तेही संपले की सल्फेटवर येतात आणि पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मग किनाऱ्यालगतचा प्रवाह दिशा बदलतो, ऑक्सिजनयुक्त पाणी परत येते आणि हिवाळ्यात तळ पुन्हा श्वास घेण्याजोगा होतो.

या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो, हे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून जगापुढे आले. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर, जेमतेम २५ ते ३० मीटर खोलीच्या पाण्यात, एक ठरावीक जागा धरून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या पाण्याची वर्षानुवर्षे मोजणी चालवली आहे. किनाऱ्यालगतच्या या ऑक्सिजन-अभावात निसर्गाचा वाटा किती आणि नद्यांतून येणारी खते, सांडपाणी व तापणारा समुद्र यांचा किती, यावर अजून एकमत नाही. ते व्हायचे तर एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षामागून वर्षे केलेली मोजणीच लागते. असे काम तरुण संशोधकांच्या एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जात राहते आणि त्यात आपला वाटा असणे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्यक्षात हे काम कसे असते तेही सांगतो, कारण जाहिरात वाचून त्याची कल्पना येत नाही. ठरलेल्या खोलीवरून भरून आलेल्या नळकांड्यातून सगळ्यांत आधी ऑक्सिजनचा नमुना घ्यायचा. बाकीचे सगळे नंतर. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत न्यायची, पाणी काही वेळ बाटलीवरून वाहू द्यायचे, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावायचे आणि बाटली उलटीसुलटी हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन अधिक. सप्टेंबरात तळाच्या पाण्याच्या बाटलीत हा साका जवळजवळ पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन (थेंब थेंब घालून प्रमाण मोजणे) करायचे असतेच, पण वरच्या थरातली आणि तळातली बाटली शेजारी शेजारी ठेवली, की आकडा येण्याआधीच पुढचे उत्तर डोळ्यांना दिसते. कधी कधी तळाचे नळकांडे उघडताच कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा.

आता तुमच्या खाडीविषयी. तिसऱ्यांची वाढ तुम्ही मोजली, ती कोणत्या महिन्यांत? पाण्याचा खारटपणा, तापमान, ऑक्सिजन यांच्या नोंदी सोबत आहेत का? असतील तर पावसाळ्यात काजळी नदीचे गोडे पाणी उतरल्यावर वाढ थांबते का, हा प्रश्न आजही विचारता येईल, आणि तो रसायनशास्त्राचाही आहे व जीवशास्त्राचाही.

वरसोली_ते_वर्सोवा (मुंबई)

मांडवीपार यांनी उत्तम लिहिले आहे. मी मत्स्यशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालते.

आपल्याकडे ‘सागरी संशोधन’ म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे जहाज, पाणबुडे आणि प्रवाळ येतात. प्रत्यक्षात या देशातल्या सागरी जीवशास्त्राचा फार मोठा भाग बंदरांवर, पहाटेच्या लिलावाच्या वेळी होतो. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर बोटी लागतात, टोपल्या उतरतात, आणि मासळी विकली जाण्याआधीच्या तेवढ्या वेळात जातवार नोंद घ्यायची, लांबी मोजायची, काही मासे विकत घेऊन प्रयोगशाळेत न्यायचे, पोट उघडून अंडाशय किती पक्व झाला आहे ते पाहायचे आणि खाल्लेले अन्न तपासायचे, हे रोजचे काम असते. माशाच्या कानात चुनखडीचे बारीक खडे असतात, त्यांच्यावरच्या वलयांवरून वयाचा अंदाज येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. मासळी किती उतरते याचे अंदाज ती ठरावीक नमुना पद्धतीने दशकानुदशके काढत आली आहे. नव्या संशोधकाला एवढी जुनी नोंदमालिका आयती मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

पापलेटाचेच पाहा. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमासा घोषित केले. घोषणा आनंदाची आहे, पण तिच्यामागची चिंता खरी आहे. डोल जाळ्यांत (खुंटांना बांधून प्रवाहात लावलेल्या जाळ्यांत) आणि बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यांत पापलेटाची न वाढलेली पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात आणि ती अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच बाजारात जातात. किती लहान मासा धरू नये याचे नियम आले. आता पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक मासेमारीची बंदी या माशाच्या विणीच्या काळाशी कितपत जुळते, पिल्ले नेमक्या कोणत्या उथळ भागात वाढतात, ती जागा आणि डोलीच्या खुंटांची जागा एकच असेल तर कोळ्यांनी करायचे काय, हे सगळे तरुण संशोधकांपुढचे प्रश्न आहेत. बोंबलाचेही तसेच. हा मासा मुख्यतः गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्याला आणि पलीकडे बंगालच्या बाजूला भरपूर मिळतो, मधल्या किनाऱ्यावर मात्र फारसा नाही. असे का, हे विचारायला रोज बोंबील खाणाऱ्या मुलीलाही कधी सुचत नाही, ही मला खरी खंत वाटते.

खाडीकाठ, तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे आणि ती तुम्ही प्रश्नात ओझरती सांगून गेलात. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांसोबत तुम्ही चिखलात उतरलात. त्यांना कोणत्या तिथीला, कुठल्या पट्ट्यात, किती मोठ्या तिसऱ्या मिळतात हे ठाऊक असते. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलता येणारा संशोधक परप्रांतातून आलेल्या हुशार सहकाऱ्यालाही हवा असतो. माझ्या कामातल्या कित्येक चांगल्या शंका धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून आल्या आहेत.

एक व्यावहारिक सूचना. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाला बहुतेक शाखांत मत्स्यशास्त्राचीच पदवी लागते; प्राणिशास्त्राच्या पदवीवर तो मार्ग सहजी खुला होत नाही. मत्स्यजीवशास्त्रातल्या प्रकल्पांवर मात्र प्राणिशास्त्राचे विद्यार्थी घेतले जातात. अर्ज करण्यापूर्वी पात्रता शब्दशः वाचावी.

उत्तरसमुद्र (बर्गन, नॉर्वे)

मी भौतिक समुद्रविज्ञानात पीएच.डी.नंतरचे संशोधन करतो. मूळ गाव सांगली, त्यामुळे बालपणी समुद्र पाहिला तो सहलीपुरताच. माझा विषय प्रवाह आणि खारटपणा. कासवे आणि गणित या दोन मुद्द्यांवर लिहितो.

कासवांची आवड सोडायची गरज नाही. त्यांच्याविषयीचा प्रश्न बदलून पाहावा. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला उपग्रह-टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली, हे आपण बातम्यांत वाचले असेल. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, असे मानण्याची आपली सवय या दोन नोंदींनी हलवली आहे. आता पुढचा प्रश्न पाहा: ही मादी ज्या मार्गाने गेली त्या मार्गावर तेव्हा प्रवाह कुठल्या दिशेला होता, ती त्याच्यासोबत वाहत गेली की त्याच्याविरुद्ध पोहली, ज्या ठिकाणी ती रेंगाळली तिथे हरितद्रव्य, म्हणजे वनस्पतिप्लवकांची खूण, जास्त होते का? पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे प्रवासाचा महिना बदलला तर उत्तरही बदलेल. प्रश्न कासवाचा आहे, पण त्याचे उत्तर देणारा माणूस समुद्रविज्ञानाचा लागतो, आणि असे दोन्ही बाजू जाणणारे लोक फार थोडे आहेत.

यासाठी लागणारी माहिती कोणालाही मोफत मिळते. आर्गो नावाची स्वयंचलित उपकरणे जगभरच्या समुद्रांत तरंगत असतात, त्यांची संख्या ४,००० च्या आसपास आहे. प्रत्येक उपकरण १,००० मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना तापमान आणि खारटपणा मोजते आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाकडे आकडे पाठवते. काहींवर ऑक्सिजन, नायट्रेट आणि हरितद्रव्य मोजणारे संवेदकही असतात. म्हणजे मांडवीपार ज्या ऑक्सिजनहीन थराबद्दल लिहितात तो तुम्ही रत्नागिरीत बसून स्वतः आलेखावर काढू शकता. भारताच्या बाजूने हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हे काम पाहते. मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देणारीही तीच.

गणिताची भीती मला समजते. पहिल्या वर्षी अवकलनाची समीकरणे सोडवावी लागत नाहीत. पायथन या संगणकीय भाषेत एक फाइल उघडून अरबी समुद्रातल्या एका उपकरणाचा वर्षभराचा तापमानाचा आलेख काढता आला, तरी सुरुवातीला पुरे. संख्याशास्त्र मात्र आत्तापासून नीट शिकावे. तिसऱ्यांच्या लांबीचे तुमच्याकडे असलेले आकडे सरावाला उत्तम आहेत: दोन महिन्यांच्या सरासरीतला फरक खरा आहे की नमुना घेण्यातून आलेला, हे त्या आकड्यांवरच तपासून पाहा.

खाडीकाठ (रत्नागिरी)

तिघांचेही मनापासून आभार. बागेश्रीचा प्रवास मी ‘कासव कुठे गेले’ एवढ्याच कुतूहलाने पाहिला होता. तिच्या मार्गातल्या पाण्याचा विचार कधी केला नव्हता. मांडवीपार, माझ्याकडे ऑक्टोबर ते मार्चच्या नोंदी आहेत. खारटपणा आणि तापमान घेतले आहे, ऑक्सिजन घेतलेला नाही.

आणखी दोन गोष्टी विचारते. संशोधन जहाजावर जाण्याची संधी नव्या विद्यार्थिनींना कितपत मिळते? आणि नेट परीक्षेसाठी जीवविज्ञान घ्यावे की पृथ्वी व समुद्रविज्ञानाचा विषय?

मांडवीपार (गोवा)

जहाजाविषयी आधी. माझ्या गटात मुली नियमित सफरींवर जातात. बहुतेक वेळा सीटीडी (खोलीनुसार खारटपणा व तापमान मोजणारे उपकरण) उतरवण्याच्या रात्रपाळीला मुलगे-मुली सारखेच असतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सिंधू साधना हे जहाज २०१४ साली दाखल झाले, लांबी ८० मीटर. किनाऱ्यालगतच्या कामासाठी सिंधू संकल्प आहे. हे आज सरळ वाटते त्यामागे आधीच्या पिढीचे कष्ट आहेत. नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत याच संस्थेत शास्त्रज्ञ होत्या आणि १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह सहभागी झाल्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन भारतीय महिला. पंत यांचा विषय वनस्पतिप्लवकांचा. समुद्र लागण्याचा त्रास पहिले दोन-तीन दिवस अनेकांना होतो. गोळी आधी घ्यावी, पोट रिकामे ठेवू नये, आणि लाज बाळगू नये. जहाजावर जागा मर्यादित असतात, त्यामुळे ज्याला नमुना घेण्याची एखादी पद्धत स्वतंत्रपणे येते त्याची निवड आधी होते. ऑक्सिजनचे अनुमापन शिकून ठेवा. ते कोणत्याही सफरीवर लागते.

नेटबद्दल: तुमची पार्श्वभूमी पाहता जीवविज्ञान घेणेच योग्य. त्या विषयात शिष्यवृत्ती मिळवूनही सागरी जीवशास्त्राच्या गटात पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. पृथ्वी, वातावरण, समुद्र व ग्रहविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत भूगर्भशास्त्र आणि भौतिकीचा भाग मोठा आहे, त्याची तयारी दोन वर्षांच्या हिशेबात बसणे कठीण. नेटमधून मिळणारी कनिष्ठ शिष्यवृत्ती सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता, दोन वर्षांनंतर ४२,०००. ती व्यक्तीच्या नावे असते, त्यामुळे मार्गदर्शक निवडताना हात मोकळे राहतात. प्रकल्पावरची जागा स्वीकारायला हरकत नाही, पण तिची मुदत प्रकल्पासोबत संपते. रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, त्याच कामावर पीएच.डी.ची नोंदणी होईल का, आणि गोळा केलेल्या माहितीवर तुम्हाला लिहिता येईल का. हे विचारायला संकोच वाटतो म्हणून लोक विचारत नाहीत आणि मग तीन वर्षांनी हाती प्रमाणपत्रापलीकडे काही उरत नाही. असे झालेले दोघेजण माझ्या ओळखीत आहेत.

ऑक्टोबर ते मार्चच्या नोंदी असतील तर पावसाळ्याचे महिने सुटले आहेत, आणि नेमके तेच महिने महत्त्वाचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पंधरवड्यातून एकदा, त्याच ठिकाणी, भरती-ओहोटीची तीच वेळ धरून खारटपणा, तापमान आणि तिसऱ्यांची लांबी घ्यावी. पाऊस फार असेल तर खाडीत एकटीने उतरू नये, काठावरूनच पाण्याचा नमुना घेतला तरी चालेल. ऑक्सिजनसाठीची रसायने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बहुधा असतात. नसतील तर मला निरोप पाठवा, रसायनांची द्रावणे तयार करण्याची कृती आणि बाटल्यांचे आकारमान मोजून घेण्याची पद्धत मी लिहून पाठवतो.

वरसोली_ते_वर्सोवा (मुंबई)

त्यात एक भर. तिसऱ्या काढणाऱ्या बायका पावसाळ्यात काढणी थांबवतात का, थांबवत असतील तर केव्हा आणि का, हे त्यांना विचारून तारखेसह नोंदवून ठेवा. तिसऱ्यांची जात कोणती हेही शिंपल्याचा नमुना जपून ठेवून पक्के करून घ्या. आपल्या खाड्यांत एकाहून अधिक जाती मिळतात आणि स्थानिक नाव बहुधा सगळ्यांना एकच असते.